पत्ता न देणारा माणूस

"तुमी खंय आसात तें सांगा. हांव येतां."

फोन उचलला की त्याचं हे पहिलं वाक्य. हॅलो नाही, नाव नाही. पलीकडचा विचारी, "तुमचं दुकान कुठं आहे?" तर हा पुन्हा तेच म्हणे, जरा सावकाश, आधीचं नीट ऐकू गेलं नसावं असं समजून. "तुमी खंय तें सांगा. हांव येतां."

म्हापशाला वॉशिंग मशीनचे सुटे भाग मिळतात त्या दुकानात, काउंटरपाशी उभा असताना मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. वळून पाहिलं तर पन्नाशीचा, उंच, खांद्यात किंचित वाकलेला एक माणूस. बाहेर त्याची स्कूटर, मागे मासळीचा असतो तसा निळा क्रेट बांधलेला. त्यात हत्यारं होती आणि प्रत्येक पाना धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला होता. दुसऱ्याची हत्यारं कशी ठेवलीत ते आमच्या धंद्यातल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. मला ती फडकी तिथल्या तिथे खटकली.

हा कोणी नवा आलाय असं मी समजलो. नवा नव्हता. पेडण्यातली अर्धी गेस्टहाउसं त्यालाच बोलवत होती, आणि मांद्र्याच्या हमरस्त्यावर इतकी वर्षं दुकान मांडून बसलेल्या मला त्याचा पत्ताही नव्हता.

पत्ता तसा कोणालाच नव्हता. मोबाइलच्या नकाशावर त्याचं नाव शोधलं तर नाव यायचं, फोन नंबर यायचा, लोकांनी दिलेले तारे यायचे आणि खाली एवढंच, 'पेडणे तालुक्यात सेवा'. घर नाही, रस्ता नाही, लाल खूण नाही. माझ्या दुकानाचं मात्र सगळं होतं. पिवळ्या अक्षरांच्या बोर्डाचा फोटो, उघडण्याची वेळ, बंद करण्याची वेळ, 'देवळासमोर' अशी टीप. गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आणि पंखा होता, त्याचाही फोटो मी घातला होता. लोक नकाशा बघत यायचे, पंख्याखाली बसायचे आणि विचारायचे, "मशीन उचलून कसं आणणार? तुम्ही घरी येऊन बघाल?" मी म्हणायचो, "सवड मिळाली की येतो." तोवर पंख्याखाली बसूनच ते त्याला फोन लावायचे.

मी जळत होतो. दुसरा शब्द शोधत बसत नाही. सकाळी दात घासायच्या आधी मी त्याचे अभिप्राय वाचायचो. 'दुरुस्तीवाले बाब आले, पाय धुवून आत आले, पंपातून मूठभर वाळू काढून हातावर ठेवली.' एका परदेशी बाईनं काहीतरी लांबलचक लिहिलं होतं. फोननं त्याचं मराठी करून दिलं, 'हा माणूस माझ्या मशीनशी हळू आवाजात बोलला आणि ते बरे झाले.' मी चूळ भरून जोरात थुंकलो. आम्हीसुद्धा वाळू काढतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मशीनमध्ये वाळू असते, सुरूच्या काड्या असतात, केसांची रबरं असतात. ती हातावर ठेवून दाखवायची काय गरज?

त्यातच माझ्या घरचं मशीन बंद पडलं. बायकोनं मला सांगितलं, मी म्हटलं उद्या. आठवडाभर मी उद्याच म्हणत होतो. एका दुपारी जेवायला घरी गेलो तर मशीन चालू. पूर्वी फिरताना ट्रकसारखं धडधडायचं, आता हूं की चूं नाही.

"कोणें केलें?" मी विचारलं.

"नकाशार एक नंबर मेळ्ळो," बायको म्हणाली. "पाय धुवन भितर आयलो तो. ड्रम भायर काडलो, बेअरिंग बदललें, लादी पुसून गेलो. तुमी कधीं लादी पुसल्या?"

जुनं बेअरिंग त्यानं वर्तमानपत्रात बांधून जनेलावर, खिडकीच्या कठड्यावर, ठेवलं होतं, मालकानं पाहावं म्हणून. मालक मी होतो. भिंतीवर माझ्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर माझा फोटो. म्हणजे घर कोणाचं ते त्याला कळलं होतं. पुढचे कितीतरी दिवस मी वाट पाहिली की म्हापशाच्या काउंटरवर तो ही गोष्ट सांगेल आणि सगळे हसतील. त्यानं ती कधीच कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

भांडण मीच काढलं, दुसऱ्या निमित्तानं. काउंटरवर चारजण असताना मोठ्यानं म्हटलं, "तुजें नकाशार घर ना रे. लोकांक कळूंक जाय मरे, तूं खंयचो तें."

"घरांत हांव मशीन उघडिना," तो बेल्ट ताणून बघत म्हणाला. "मग घर कित्याक दाखोवप?"

"पत्तो लिपयता त्या मनशाचेर विश्वास कसो दवरप?"

"हांवें केल्लें मशीन चलता मरे?"

"चलता."

"मग?"

दुकानदार हसला. मी तावातावानं बोलत राहिलो. धंदा म्हणजे दार पाहिजे, दार म्हणजे जबाबदारी, उद्या काही बिघडलं तर गिऱ्हाइकानं कुठं जायचं? तो म्हणाला, "तांणीं कित्याक वचचें? हांव वतां." आणि बेल्ट क्रेटमध्ये ठेवून निघून गेला. खूप नंतर मी त्या नकाशावाल्यांचा नियम वाचला. ज्यांच्याकडे गिऱ्हाईक येत नाही, जे स्वतः गिऱ्हाइकाकडे जातात, त्यांनी घरचा पत्ता दाखवू नये असंच त्यात लिहिलं होतं. नियमसुद्धा त्याच्याच बाजूचा निघाला.

त्याचं घर मी पाहिलं ते माझ्या अडचणीमुळे. एका हॉटेलचं मशीन पाण्यानं भरून अडकलं होतं, पंप म्हापशात संपला होता, आणि त्याच्याकडे एक असल्याचं कळलं. फोन केला. तो म्हणाला, "हांव घेवन येतां." मी म्हटलं, तेवढा वेळ नाही, मीच येतो. तो आधी नको म्हणाला. मग कोरगावातलं वळण सांगितलं आणि म्हणाला, "फाटल्यान ये. फुडल्या दाराकडेन गाडी हाडूं नाका."

मी मागून गेलो. काजूच्या झाडांमधून जेमतेम व्हॅन जाईल एवढी वाट होती. पायरीवर एक म्हातारी बसली होती आणि तो मागे बसून तिचे केस विंचरत होता. तेल लावून, एकेक बट सोडवून. मला पाहून तो पंप आणायला आत गेला. मी व्हॅनचं दार उघडं टाकून उभा होतो. म्हातारी उठली, तुरुतुरु आली आणि पुढच्या सीटवर चढून बसली. पदर नीट केला. मग मला म्हणाली, "पाळीक वता मरे पुता? चल तर."

तो बाहेर आला. दचकला नाही. तिच्या बाजूला उभा राहून म्हणाला, "आई, ही गाडी मांद्र्या वता. पाळीक फाल्यां."

"फाल्यां?"

"फाल्यां सकाळीं. पेज जेवन."

उद्या म्हटल्यावर ती उतरली. तिचं माहेर पाळीचं, डिचोलीकडचं. वय झाल्यावर मधलं सगळं पुसलं गेलं आणि पाळी तेवढी उरली, असं त्यानं मला पंप देता देता सांगितलं. "गाडी दिसली की बसता. कोणाचीय आसूं. एकदां पाव घेवन आयिल्ल्या पोदेराच्या सायकलीर बसूंक गेल्ली." तो हसला, मीही हसलो. तो कामावर असला की शेजारची वैनी तिच्याजवळ बसायची, आणि दुपारी तो जिथं असेल तिथून जेवायला परत यायचा. पुढचं फाटक तारेनं बांधलेलं मी जाताना पाहिलं.

बांधलेलं फाटक आणि नकाशावर नसलेलं घर, या दोन गोष्टी मला त्याच वेळी जोडता आल्या असत्या. मी जोडल्या नाहीत. की मला जोडायच्या नव्हत्या, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

त्यानंतर आठवड्याभरात किनाऱ्याकडच्या गेस्टहाउसची बाई दुकानात आली. माझी सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. तिच्या दोनच खोल्या होत्या तेव्हापासून मी तिची मशिनं पाहत होतो, आता तिच्या बारा खोल्या झाल्या होत्या. खुर्चीवर न बसताच म्हणाली, "राग मानूं नाकात. सगळीं मशिनां आतां त्या कोरगावच्याक सांगल्यांत. तुमकां वेळ नासता. तो येता."

ती गेली आणि मी मोबाइल उघडला. नकाशात कोणीही सुधारणा सुचवू शकतो, तसं एक बटण असतं. मी त्याच्या नावावर बोट ठेवलं, कोरगावचं वळण शोधलं, काजूच्या झाडांमधलं ते कौलारू छप्पर बोटांनी मोठं केलं आणि खूण लावली. पुढचं दार, रस्त्याकडचं. मनात म्हटलं, याच्याही दारात लोक येऊ देत. येऊन बसू देत. यालाही कळू दे, सवड कशी मिळत नाही ते. तीन-चार दिवसांनी मला संदेश आला, तुमच्यामुळे नकाशा अधिक अचूक झाला, धन्यवाद.

काउंटरवर तो भेटला तेव्हा पहिल्यांदाच थकलेला दिसला. "काल एकलो मिक्सर घेवन घरा आयलो. परवां एकलो इस्त्री. कोणें पत्तो घालो काय! काडूंक अर्ज केला, दोन-चार दीस लागतले म्हणटात." मी एक बेल्ट हातात घेऊन त्यावरचा नंबर वाचत राहिलो. नंबर मला पाठ होता.

आणि मग एका सकाळी दहाच्या सुमारास त्याचा फोन आला. "तुजी व्हॅन घेवन येशी? आई ना."

मी गेलो. वैनी पायरीवर बसून रडत होती. ती काजूच्या बिया उन्हात घालायला मागे गेली होती, तेवढ्यात कोणीतरी फाटकाशी गाडी लावली, हाका मारल्या, मग तार सोडून आत आला असावा. ती परत आली तेव्हा फाटक सताड उघडं आणि घर रिकामं. गावातल्या लोकांनी विहिरी पाहिल्या, मळा पाहिला. त्याच्या फोनवर एका अनोळखी नंबराचे दोन मिस्ड कॉल होते. त्यानं तो लावला. डिचोलीच्या एका हॉस्टेलचा पिकअपवाला निघाला. म्हापशाला आला होता, गाडीत मशीन होतं, नकाशावर तारे पाहून कोरगावपर्यंत आला. घरात कोणी नव्हतं. एक आजी पुढच्या सीटवर येऊन बसली आणि पाळीला सोड म्हणाली. त्याला वाटलं मालकाची आई आहे, गावाला निघालीय. वाटेत त्यानं तिला केळी घेऊन दिली आणि डिचोलीच्या बसस्टँडवर उतरवलं. भला माणूस होता. आपलं काय चुकलं ते त्याला फोनवर कळेचना.

आम्ही निघालो. तिच्या चपला घरीच राहिल्या होत्या, त्या तो मांडीवर घेऊन बसला होता. मी गाडी चालवत होतो. अस्नोड्याचा पूल ओलांडल्यावर तो एकदाच बोलला, स्वतःशीच बोलावं तसं. "कोणें पत्तो घालो तें सोदीत बसलों जाल्यार आईक कोण सोदतलो?"

डिचोलीच्या स्टँडवर विचारत फिरलो. एका कंडक्टरनं ओळखलं. अनवाणी होत्या, तिकिटाचं विचारलं तर हसल्या, पण वाटेतल्या प्रत्येक वळणाचं नाव बरोबर सांगत होत्या, म्हणाला. पाळीला उतरल्या.

पाळीत पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. तिचं माहेरघर आता नाही हे मला तिथं गेल्यावर कळलं. खाणीत गेलं, तिच्या भावांच्या वेळीच. त्या जागी खोल खड्डा आहे, लाल कडांचा, आणि तळाशी हिरवं पाणी. गाडी थांबायच्या आत तो उतरला आणि त्या कडेकडे धावला. चपला त्याच्या हातातच होत्या. मी मागे गेलो. तो काठावर उभा राहून पाण्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो. मी देवाला नवस बोललो. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही, पण त्यात माझं दुकान होतं.

तेवढ्यात रस्त्याकडून एका बाईनं हाक मारली. "आजयेक सोदतात मरे? हांगा आसा."

म्हातारी त्या बाईच्या सोप्यावर बसून पेज जेवत होती. हातात कैरीची फोड. कोणाचं शेत कुठं होतं, कोणाच्या दारात चिंच होती, पाट कुठून वाहायचा, सगळं त्या अनोळखी बाईला सांगत होती, आणि ती बाई खरं मानून ऐकत होती, कारण ते खरंच होतं. म्हातारीनं मुलाकडे पाहिलं आणि त्याला नावानं हाक मारली. घरात ती त्याला कधी भाऊ समजे, कधी डॉक्टर. नावानं हाक मारून किती वर्षं झाली होती ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"जेवलो मरे तूं?" तिनं विचारलं.

तो तिच्यापुढे जमिनीवर बसला आणि तिच्या पायांची लाल माती पुसून चपला घालू लागला. तुम्हाला वाटेल, त्या वेळी तरी माझं मन निवळलं असेल. नाही. मला त्याचा हेवा वाटला, आधीपेक्षा जास्त. माझी आई गेली तेव्हा मी दुकानात होतो. भावाचा फोन आला होता, येऊन जा म्हणून. मी म्हटलं होतं, गिऱ्हाईक आहे, संध्याकाळी येतो.

त्या घराच्या विहिरीवर आम्ही हातपाय धुतले. तो पाणी ओतत होता, मी पाय पुढे केले होते. तेव्हा मी म्हणालो, "तो पत्तो हांवें घाल्लो."

तो पाणी ओतत राहिला. तांब्या रिकामा झाला, मग थांबला.

"माज्या अर्जाक कोण आयकना," तो म्हणाला. "तुज्या फोनांतल्यान काडूंक येता?"

मी ओल्या हातांनी तिथंच फोन काढला. खूण काढायची विनंती केली, कारण लिहिलं, 'हे दुकान नाही, राहतं घर आहे. पत्ता चुकून मी दिला.' 'चुकून' हा शब्द त्यानं वाचला. परत येताना आई दोघांच्या मध्ये बसली होती आणि वाटेतली गावं सांगत होती. मी त्याची माफी मागितली नाही. तोंडाशी येत होती, पण त्यानं ती लगेच दिली असती, आणि ते मला सोसवलं नसतं.

पावसाआधी तो कोरगाव सोडून गेला. पाळीला, त्याच बाईच्या शेजारी दोन खोल्या मिळाल्या. तिथं आई फाटकाकडे बघतसुद्धा नाही, असं काउंटरवर कोणीतरी सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. "सगळ्यांक तुजो नंबर दिला. बारा खोल्यांच्या बायेचें वयलें मशीन आवाज करता, पयलीं तें कर." आणि ठेवला.

मला हवं होतं ते सगळं असं माझ्या हातात आलं. तेव्हापासून मी लोकांच्या घरी जातो. खुर्च्या आणि पंखा बहुतेक दिवस रिकाम्या दुकानात बंद असतात. आणि प्रत्येक घरात मला तोच भेटतो. "ते फिल्टर धुवून द्यायचे." "ते आल्याबरोबर आधी मशीनवर हात ठेवून ऐकायचे." परवा बारा खोल्यांच्या त्या बाईनं मला पाय धुवायला पाणी दिलं, न मागता, कारण तिला तशी सवय झाली होती. मी मुकाट्यानं धुतले.

नकाशावर तो आता डिचोली तालुक्यात दिसतो. पत्ता नाही. त्याच्याविषयी नवे लोक लिहितात आणि मी अजून वाचतो, अजून जळतो, फक्त दात घासून झाल्यावर. या वर्षी त्याची आई गेली हेही मला तसंच कळलं. कोणीतरी लिहिलं होतं, 'घरात दुःख असूनही तेराव्यानंतर लगेच आले.' मी दोनदा पाळीला जायला निघालो आणि दोन्ही वेळा साखळीहून परत फिरलो.

गेल्या आठवड्यात साखळीहून एका बाईचा फोन आला. तिच्याकडे त्याचा नंबर होता, पण तो येतो एवढंच म्हणे, पत्ता देत नव्हता, आणि तिला घाई होती, मशीन उचलून त्याच्याकडेच नेऊन टाकायचं होतं. तुम्ही एकाच धंद्यातले, तुम्हाला ठाऊक असेल, तो पाळीत नेमका कुठं राहतो, असं तिनं विचारलं.

मला ठाऊक आहे. खड्ड्यापासून तिसरं घर, सोप्याला निळा रंग, बाजूला आम्ही पाय धुतले ती विहीर.

"नाही हो," मी म्हणालो. "ते काही मला माहीत नाही."